चहावरचं सर्टिफिकेट

दवाखान्याच्या दारात मरणकाका दिसले की आतल्या डॉक्टरला एकदम आठवायचं, आज आपल्याला लवकर घरी जायचंय. काका विमा एजंट होते. त्यांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि ते तिथंच राहिलं. मरणकाका हे नाव डॉक्टरांनी ठेवलेलं, कारण गेली तीस वर्षं काका बोलायला सुरुवात एकाच वाक्याने करत. "समजा डॉक्टर, उद्या तुम्ही नसलात..."

ते फक्त डॉक्टरांचे विमे उतरवायचे. मास्तर, दुकानदार, कारकून यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. डॉक्टरला पैशाची कमी नाही आणि मरणाची माहिती आहे, मग विमा विकायला वेळ तो किती लागणार, असा त्यांचा तरुणपणीचा हिशेब होता. हा हिशेब करणाऱ्या माणसाने डॉक्टर जवळून पाहिलेला नसतो. मरणाची माहिती डॉक्टरला पुष्कळ असते, पण ती सगळी दुसऱ्याच्या मरणाची.

त्यामुळे काकांचं आयुष्य बाकावर गेलं. आधी पेशंट आत जायचे, मग चकचकीत बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे लोक, मग डॉक्टरांचा मेहुणा सहज म्हणून आलेला असायचा तो, आणि सगळ्यात शेवटी काका. समोरच्या भिंतीवर मूत्रपिंडाचं रंगीत चित्र असायचं. ते तीस वर्षं पाहून काकांना मूत्रपिंडाची इतकी माहिती झाली होती की एकदा बाकावरच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी खडा कुठे अडकलाय ते सांगितलं, आणि आतून निघालंही तसंच. फी मात्र डॉक्टरने घेतली.

डॉक्टरांबद्दल काकांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, डॉक्टरला विम्याच्या बाबतीत वयाप्रमाणे वेगवेगळा रोग होतो. पंचविशीतला डॉक्टर हसतो. छत्तीस तास झोपलेला नसतो, डबा कालचा असतो, खाट मोडकी असते, पण "मला काय धाड भरलीय, काका?" वास्तविक विमा स्वस्तात आणि बिनबोभाट मिळण्याचं वय तेच. तिशीत लग्न होतं, मूल होतं, आणि मग तो घाबरून भलतंच काहीतरी घेतो, बहुतेक वेळा सासरच्या कोणीतरी गळ्यात मारलेलं. चाळिशीत त्याला वेळ नसतो. या वयात त्याच्यावर कोर्टात दावे लागू शकतात, आणि त्यासाठीही एक विमा असतो, पण त्याचं नाव काढलं की साहेबांचा चेहरा पडतो, जणू काय काकाच दावा लावायला आलेत. "माझ्या हातून चूक होत नाही," असं छातीठोक सांगणारे अकरा डॉक्टर काकांनी मोजले होते. त्यातल्या एका बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या काचा पेशंटच्या नातेवाइकांनी फोडल्या, तेव्हा त्यांनी काच खाली पडायच्या आत काकांना फोन केला. साठीनंतर मात्र सगळे प्रेमाने वागतात, खुर्ची देतात, चहा मागवतात. तोवर कोणतीच कंपनी त्यांना दारात उभं करत नसते.

या शास्त्राचा आदर्श नमुना म्हणजे हाडांचे डॉक्टर.

हाडांचे डॉक्टर काकांना सापडले ते शिकाऊ असताना, वसतिगृहाच्या जिन्यात. काका आपलं वाक्य म्हणाले आणि ते हसले. पुढे लग्न झाल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या मित्राकडून अशी एक पॉलिसी घेतली की तिचा फायदा फक्त त्या मित्राला झाला. मग त्यांनी स्वतःचं तीन मजली हॉस्पिटल बांधलं, आणि त्या वेळी मात्र काकांना मानाने बोलावलं. इमारतीचा विमा उतरला. एक्स-रे मशीनचा, लिफ्टचा, दर्शनी काचेचा उतरला. स्वागतकक्षात माशांची एक मोठी टाकी होती, परदेशी मासे होते, त्यांचाही उतरला.

"आणि तुमचे हात?" काकांनी विचारलं होतं.

"हातांचं काय?"

"हे सगळं ज्यांच्या जोरावर उभं आहे ते. हात निकामी झाले, ऑपरेशन करता आलं नाही, तर घर चालावं म्हणून एक पॉलिसी असते. खास सर्जन लोकांसाठी. तुम्ही दुसरं काही काम करू शकत असलात तरी पैसे मिळतात."

"काका, अशुभ नका बोलू," हाडांचे डॉक्टर म्हणाले, आणि माशांच्या कागदावर झोकात सही केली. ती सही काय वर्णावी. चौकटीतून बाहेर पडायची, शेजारच्या तारखेवर चढायची आणि खालच्या ओळीला एक लाथ घालायची.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आणि गेल्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांचा काकांना फोन आला. स्वतःहून.

"काका, ती हातांची पॉलिसी म्हणत होता ना. मोठ्यात मोठी बसेल ती आणा. आजच."

काकांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्ध्या मिनिटापुरता. तीस वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती, की डॉक्टर जेव्हा स्वतःहून विमा मागतो, तेव्हा घोडं कुठेतरी पेंड खात असतं. तरी ते गेले. जाणारच. ही पॉलिसी झाली असती तर काकांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी ठरली असती. शिवाय दुसरं एक कारण होतं, ते म्हणजे बायकोचा गुडघा.

काकूंचा उजवा गुडघा सहा वर्षं दुखत होता आणि गेलं वर्षभर त्या जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरत होत्या. गुडघा बदलायचा ठरला होता. बदलणार होते हाडांचे डॉक्टर, आणि तेही फी न घेता. "काकूंकडून मी पैसे घेणार? विचारता काय!" असं ते म्हणाले होते. गुरुवारच्या यादीत काकूंचा नंबर तिसरा होता.

फुकट का, तर ते सांगायची लाज वाटेल अशी गोष्ट आहे, पण सांगतो. काकांनी बायकोचा आरोग्य विमा उतरवलेलाच नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जन्मभर दात फुकट निघाला, चष्म्याचा नंबर फुकट निघाला, मुलीचं बाळंतपण निम्म्या पैशात झालं. इतके डॉक्टर खिशात असताना आपल्याला विमा कशाला, असं ते मनात म्हणत राहिले. डॉक्टरला वाटतं आपल्याला रोग होणार नाही, आणि डॉक्टरांच्या एजंटला वाटतं झाला तरी बिल होणार नाही. काका ज्यांना हसत होते त्यांच्याच पंगतीत बसलेले होते, फक्त पान शेवटचं होतं.

तर काका फॉर्म घेऊन गेले. फॉर्मवर तीन सह्या लागत. एक अर्जदाराची. एक त्याला तपासणाऱ्या डॉक्टरची. आणि तिसरी एजंटची: "मी या व्यक्तीला इतकी वर्षं ओळखतो, आणि माझ्या माहितीप्रमाणे यांना कोणताही आजार नाही." या तिसऱ्या सहीखाली काय लिहिलंय ते काकांनी गेल्या वीस वर्षांत वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या सहीची या गावात एक रीत होती. डॉक्टर डॉक्टरला तपासत नसे. ते असभ्यपणाचं मानलं जाई. मित्राला "शर्ट काढ, जीभ दाखव" असं कोण म्हणणार? त्यामुळे ही तपासणी चहावर व्हायची. एकाने चहा मागवायचा, दुसऱ्याने सही करायची. परिणामी गावातल्या यच्चयावत डॉक्टरांचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी होता. एकाचा तर सहीनंतर दोन महिन्यांनी बायपास झाला, तरी कागदावर त्याचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशीच राहिला.

पाच वाजता नेहमीप्रमाणे हाडांच्या डॉक्टरांचे मित्र आले. हे फिजिशियन, वसतिगृहातले खोलीमित्र, हॉस्पिटल उभं राहिल्यापासून रोज पाचचा चहा इथं घेणारे. हाडांच्या डॉक्टरांनी फॉर्म पुढे सरकवला.

"हे काय, आता म्हातारपणी विमा?"

"बायको मागे लागलीय रे."

फिजिशियन मोबाइलवर कोणाच्या तरी सहलीचे फोटो बघत होते. डाव्या हाताने फोटो सरकवत, उजव्या हाताने त्यांनी रक्तदाब लिहिला, नाडी लिहिली, हृदय, फुप्फुसं, मज्जासंस्था सगळ्यांपुढे "नॉर्मल" लिहून सही ठोकली. मान एकदाही वर केली नाही. मित्र समोर दीड हातावर बसला होता.

मग हाडांच्या डॉक्टरांनी सही केली. डावा हात त्यांनी उजव्या मनगटावर ठेवला होता, सहज ठेवावा तसा.

घरी येऊन काका आपली तिसरी सही करायला बसले आणि पेन हातात तसंच राहिलं. अर्जदाराची सही चौकटीत होती. नुसती चौकटीत नाही, चौकटीच्या कोपऱ्यात. मुंग्यांची रांग जावी तशी बारीक, आणि शेवटाकडे आणखी बारीक.

काकांनी कपाटातून माशांच्या पॉलिसीची फाइल काढली. दरवर्षी नूतनीकरण व्हायचं, दरवर्षी सही व्हायची. चौदा सह्या त्यांनी जमिनीवर ओळीने मांडल्या. पहिल्या अकरा लाथा घालणाऱ्या. बारावी जरा सभ्य. तेरावी लहान. चौदावी ओळखू येत नव्हती.

"काय पसारा मांडलाय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. मासे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते फिजिशियनांकडे गेले आणि शहाण्यासारखं आडून विचारलं.

"डॉक्टर, एखाद्याची सही दोन-तीन वर्षांत बारीक बारीक होत गेली, तर ते कशाचं लक्षण?"

फिजिशियनांचा चेहरा एकदम जिवंत झाला. असा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं कोणी विचारला नव्हता. "कोणाची? तुमची? दाखवा हात. चालताना एक हात हलायचा थांबलाय का? शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो? चेहरा कोरा वाटतो, आवाज खाली गेलाय, वास येत नाही? काका, कंपवाताची सुरुवात अशीच होते. हात थरथरायच्या आधी अक्षर लहान होतं. घरच्यांच्या लक्षात येत नाही, पण डॉक्टरने दोन मिनिटं नीट बघितलं तरी कळतं."

"दोन मिनिटं?"

"अहो, माणूस दारातून आत येतानाच कळतं!"

काकांना हॉस्पिटलचा कॉरिडॉर आठवला. हाडांचे डॉक्टर पुढे चालले होते, डावा हात हलत होता, उजवा खिशात. गेले कित्येक महिने उजवा खिशातच. काकांनी बॅगेतून फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे गृहस्थ तुमच्या दारातून नाही, तुम्ही त्यांच्या दारातून रोज आत जाता."

फिजिशियनांनी नाव वाचलं. मग आपलीच सही वाचली. बराच वेळ ते स्टेथोस्कोपची नळी बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिले.

"सही होऊन गेलीय," ते शेवटी म्हणाले. "मला यात ओढू नका. तो माझा मित्र आहे."

"म्हणूनच म्हणतोय, एकदा बघा ना त्यांना."

"मी? त्याला?" फिजिशियन इतके दचकले, जणू काकांनी त्यांना मित्राचा खून करायला सांगितला होता. "वाईट दिसेल ते."

बुधवारी संध्याकाळी काका हॉस्पिटलात पोचले. काकूंना सकाळी दाखल व्हायचं होतं, त्यांची पिशवी घरी भरून दाराशी ठेवलेली होती. बोलावं तर फुकटचं ऑपरेशन गेलं, सगळ्यात मोठी पॉलिसी गेली, आणि गावातल्या डॉक्टरांची दारं कायमची बंद. न बोलावं तर उद्या सकाळी तो हात बायकोच्या गुडघ्यात.

बाकावरचे पेशंट संपले. आतून हाडांच्या डॉक्टरांचा आवाज येत होता, एका म्हातारीच्या मुलाला ते झापत होते: "आता आणताय? इतके दिवस झोपला होतात?" मुलगा खाली मान घालून बाहेर आला. काका आत गेले.

"पाठवला फॉर्म?"

काकांनी माशांच्या सह्या टेबलावर ओळीने मांडल्या, आणि शेवटी परवाची, फॉर्मवरची. हाडांचे डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी पहिला कागद उचलला, शेवटचा उचलला, सवयीने दोन्ही दिव्यासमोर धरले, एक्स-रे बघावा तसे, आणि खाली ठेवले.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं होत आली."

"औषध कोणाचं?"

"माझंच. मीच लिहितो, मीच घेतो. दुसऱ्या नावावर."

"कोणाला दाखवलं नाही?"

"कोणाला दाखवू? आज दाखवलं तर उद्या सगळ्या गावात. हाडांच्या डॉक्टरचा हात कापतो म्हटल्यावर कोण येईल माझ्याकडे?" आणि मग घाईघाईने, "ऑपरेशन करताना थांबतं हो, काका. हात कामाला लागला की थरथर जाते. खरंच जाते."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती, याला काही सीमा असते. विमा हवा हाताचा, आणि लपवायचा हातच. कंपनीने पहिल्याच चौकशीत औषधाच्या दुकानाची वही काढली असती आणि एक छदाम दिला नसता, उलट फसवणुकीचा दावा लावला असता. काकांनी हे सांगितलं. हाडांचे डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा उजवा हात टेबलाखाली मांडीवर हळूहळू ठोके देत होता.

"मग मी करू काय?" ते म्हणाले. "तीन मजले उभे केलेत. मुलं अजून शिकतायत. हात गेले तर मी कोण?"

काकांना त्यांची दया आली. खरीच आली. चौदा वर्षांपूर्वी हाच माणूस माशांच्या कागदावर सही करून हसला होता. इतके दिवस झोपला होतात का, हे वाक्य काकांच्या जिभेवर आलं, पण ते त्यांनी गिळलं, कारण त्याचं उत्तर त्यांच्याही घरात, दाराशी, पिशवीजवळ बसलेलं होतं.

"माझी बायको उद्या येणार नाही," ते एवढंच म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांनी यादी ओढली आणि तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. "कोणाला बोलू नका, काका," ते म्हणाले. "मी बघतो काय ते. थोडा वेळ द्या."

काकांनी फॉर्म घडी घालून खिशात टाकला आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की कोपऱ्यावर थांबून त्यांनी एकट्याने चहा घेतला. एवढी मोठी पॉलिसी पायाशी आली असताना लाथाडली, असं धैर्य गावात कोणी दाखवलं असतं? घरी जाऊन काकूंना त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. फिजिशियनांनी मान वर न करता कशी सही केली, याची नक्कलही करून दाखवली.

काकू हसल्या नाहीत.

"आणि बाकीचे तिघं?"

"कोण तिघं?"

"यादीतले. मी तिसरी होते ना? परवा रक्त द्यायला गेले तेव्हा तिथंच बसलो होतो आम्ही. तो बसचा ड्रायव्हर, खांद्याचं आहे त्याचं. शिवणकाम करणारी ती पोर, मनगटाचं. आणि निवृत्त पोस्टमन. त्यांचं काय?"

"अगं, डॉक्टर म्हणालेत ना, बघतो म्हणून."

"कधी बघणार? यादी उद्या सकाळची आहे."

"त्यांचा आपला काय संबंध?" काकांचा आवाज चढला. "मी बोललो तर या गावात एक डॉक्टर मला उभा करणार नाही. तीस वर्षांचा धंदा बुडेल. तुझा गुडघा मग कोण करणार आहे? विमा आहे का तुझा?"

हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. काकूंनी तो वार तसाच जाऊ दिला. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या.

"तुमचे फिजिशियन सही करताना मान वर करत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही यादीवरची एकच ओळ वाचता. चला. ड्रायव्हरचं घर मला माहितीय, बस डेपोच्या मागे."

जिना उतरायला त्यांना बराच वेळ लागला. काकांनी दंड धरला होता, आणि प्रत्येक पायरीला काकू दातावर दात दाबत होत्या. काका मध्येच एकदा म्हणाले, "उद्या सकाळी लवकर फोन करू या त्यापेक्षा," पण त्यावर काकूंनी पुढची पायरी उतरून दाखवली.

डेपोच्या मागे तिसरं दार. ड्रायव्हरने ते डाव्या हाताने उघडलं, उजवा वर जात नव्हता. आत भिंतीशी त्याची पिशवी भरून ठेवलेली दिसत होती, वर घडी केलेला टॉवेल. त्याने काकूंना ओळखलं, काकांना नाही.

"हे कोण?"

काकूंनी काकांना कोपराने ढोसलं. काकांनी खिशातला घडी घातलेला फॉर्म चाचपला.

"मी विम्याचं काम करतो," ते म्हणाले. "पण त्यासाठी नाही आलो. मी एक सही केली नाही. ती का केली नाही, ते तुम्हाला सांगायला आलोय."